‘शकुन मॅडमचं सॉफ्टवेअर’

शकुन,

शोकसभेच्या दिवशी मुलींनी तुझ्या फोटोबरोबर ग्रंथालयातल्या संगणकालाही हार घातला. वाचनकक्षाच्या दाराजवळचा तो जुना संगणक, ज्यावर मुलं पुस्तकं शोधतात, त्याच्याशेजारी तुझा फोटो टेकवून ठेवला आणि दोघांना पुरेल एवढा झेंडूचा एकच हार दोघांवर मिळून चढवला. संगणकाला गळा नसतो, त्यामुळे तो घसरत राहिला. एकीनं पडद्याच्या कडेला हळदीकुंकू लावलं. दुसरीनं कळफलकावर ओंजळभर पाकळ्या वाहिल्या. सगळ्या रडत होत्या. मीही रडत होते, पण रडता रडता माझं अर्धं लक्ष त्या पाकळ्यांकडे होतं. त्या बटणांच्या खाली जाणार हे मला दिसत होतं. गेल्याच. दुसऱ्या दिवशी मी कळफलक उलटा करून टेबलावर आपटत होते आणि तू फोटोतून हसत होतीस.

हसणारच. तो संगणक भंगारात निघाला होता तेव्हा प्राचार्यांशी भांडून मी तो ठेवून घेतला. त्यात ते सॉफ्टवेअर मी चढवलं. कॉलेजातल्या एकूण एक पुस्तकाची नोंद मी केली, धुळीनं शिंका देत देत. आणि पूजा झाली ती तुझी.

सभेत सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलले. मला जे बोलायचं होतं ते तिथे शोभलं नसतं, म्हणून इथे बोलते. मी तुझ्यावर जळते, शकुन. तू होतीस तेव्हाही जळत होते. मला वाटलं होतं की माणूस गेल्यावर हे आपोआप थांबत असेल. थांबत नाही, उलट वाढतं. तू समोर होतीस तोवर निदान तुझ्या चुका तरी दिसायच्या. आता कोणाला त्या आठवतच नाहीत. शनिवारी व्याख्यानाला उशिरा येणारी शकुन, माझ्या ग्रंथालयातलं पुस्तक एकोडीला घरी नेऊन विसरणारी आणि वर मलाच ‘हरवलं तं नाही ना, हाये ना ते, एकोडीले हाये’ असं ऐकवणारी शकुन, ती कुठे गेली कोण जाणे. प्राचार्य माईकवर म्हणाले, “शकुन मॅडमचं सॉफ्टवेअर ही आपल्या महाविद्यालयाची ओळख आहे.” टाळ्या वाजवू नयेत असं सुरुवातीला सांगितलं होतं, तरी पोरांनी वाजवल्या.

शकुन मॅडमचं सॉफ्टवेअर. तुला माऊस उजव्या बाजूनं दाबला की काय होतं ते शेवटपर्यंत माहीत नव्हतं गं.

आता मीच सुरुवातीपासून सांगते, कारण तू सांगायचीस तेव्हा गोष्ट नेहमी मधूनच सुरू व्हायची, तुझ्या खुर्चीपासून. खरी सुरुवात अशी, की विद्यापीठाचं पत्र आलं, सगळ्या संलग्न महाविद्यालयांनी ग्रंथालयं संगणकीकृत करावीत. मूल्यांकनाची समिती यायची होती. संस्थेनं हात वर केले. मी स्वतःहून नागपूरच्या कार्यशाळेला गेले. तिथे शिकवणाऱ्या सरांनी सांगितलं की ग्रंथालयासाठी एक मुक्त सॉफ्टवेअर आहे, ते कोणीही घ्यावं, कोणीही उघडून पाहावं, आपल्या सोयीनं बदलावं, कोणाची परवानगी लागत नाही. मला ते खोटंच वाटलं होतं. माझ्या माहेरी पवनीत कोशाच्या रेशमाची साडी विणणारा आपल्या नक्षीचा कागद शेजाऱ्यालाही दाखवत नाही, आणि इथे जगभरचे लोक आपलं विणलेलं उसवून दाखवायला तयार होते. मी घरी आले आणि भारल्यासारखी कामाला लागले. यंत्रणा चालू झाली त्या दिवशी मी कपाटांना उदबत्ती ओवाळली, इतका मला अभिमान होता.

आणि मग कोणी त्या संगणकाकडे फिरकलंच नाही. पोरं यायची, पडद्याकडे पाहायची, मान खाली घालून माझ्या टेबलाशी यायची. “मॅडम, तुमीच पाहून द्या ना जी.” मी म्हणायची, अरे तिथे टाइप करा, मिळेल. ती म्हणायची, “नाही जी, काई बिघडलं तं?”

तू एक दिवस वर्गात शिकवायला तुकारामाची गाथा मागायला आलीस आणि मी मुद्दाम म्हटलं, आधी संगणकावर शोध. तू खुर्चीत बसलीस, काहीतरी चुकीचं टाइप केलंस. पडद्यावर आलं: ‘अपेक्षित अभिलेख आढळला नाही.’ तू माझ्याकडे वळून पाहिलंस.

“हे कोनासाठी हाये वं पमे? आपल्या पोरायसाठी का मंत्रालयासाठी?”

मला राग आला. मी ताडकन म्हटलं, “बदलता येते ते. सारे शब्द एका फाइलीत असतात. मुक्त हाये ते, आपल्याले पाह्यजे तसं करता येते.”

हे वाक्य माझं होतं, शकुन. हे मला कुठेतरी लिहून ठेवायचं होतं, आज ठेवलं. कल्पना म्हणतात ती जर कोणाची असेल तर ती त्या क्षणी माझ्या तोंडून निघाली. तू फक्त खुर्ची ओढलीस आणि म्हणालीस, “मंग कायले वाट पाहून रायली? उघड ते फाइल.”

ती उन्हाळ्याची सुट्टी मी विसरणार नाही. कॉलेज ओस, कूलरच्या वाळ्याचा वास, बाहेर डोळे दिपवणारं ऊन. तू इंग्रजी वाक्य मोठ्यानं वाचायचीस, डोळे मिटायचीस, आणि तुझ्या आईच्या, मावशीच्या, एकोडीच्या बायांच्या तोंडातलं वाक्य तुझ्या तोंडून यायचं. मी टाइप करायची. ‘नाही सापडलं जी. दुसऱ्या नावानं धुंडून पाहा.’ ‘हे पुस्तक कोनं तरी नेलं हाये. थोडा दम धरा.’ मुदत उलटून गेलेल्यांसाठी: ‘आनून दे बाप्पा, बाकीचे वाट पाहून रायले.’ त्यातल्या ‘जी’ वरून आपलं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हणत होते, हे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालय आहे, समितीची माणसं पाहतील, हसतील. तू म्हणालीस, “हसू दे ना. हसले तं वाचतीन तरी.”

भांडून झाल्यावर तू डबा उघडायचीस. झिंग्यांची चटणी. ग्रंथालयात खाऊ नये अशी पाटी मी स्वतः लावली होती आणि त्या पाटीखाली बसून मी तुझी चटणी खायची. झिंगे तुझ्याच काकानं तुमच्या गावच्या तलावातून धरलेले. मला आणखी एका गोष्टीचा हेवा वाटायचा, आता सांगते. तुझ्या घरातलं बोलणं तुझ्या कामी आलं. माझ्या घरात साड्यांच्या दुकानाचं बोलणं होतं, गिऱ्हाइकाशी बोलायचं ते, नीटनेटकं, शहरी. मी तुझ्यासारखं बोलायला गेले की नाटकात काम करतेय असं वाटायचं. तू तोंड उघडलंस की सगळा मोहल्ला ऐकत थांबायचा.

जुलैत कॉलेज उघडलं आणि काय झालं ते तुला ठाऊक आहे. पोरं रांग लावायला लागली. मुद्दाम चुकीचं नाव टाकायची, काय म्हणतं ते बघायला. ‘आनून दे बाप्पा’ हा तर कॉलेजातला परवलीचा शब्द झाला, कोणी कोणाचं पेन नेलं तरी तेच म्हणायचे. आणि गंमत म्हणजे पुस्तकं खरंच वेळेवर परत यायला लागली. दिघोरीहून, आसगावहून येणारी पोरं, जी पूर्वी फक्त परीक्षेच्या आधी तोंड दाखवायची, ती बस यायला वेळ आहे म्हणून येऊन बसायला लागली. माझं ग्रंथालय भरलं. तुझ्या शब्दांनी भरलं.

वर्तमानपत्रवाला आला. त्यानं फोटो काढला, तू संगणकासमोर, मी शेजारी. छापून आला तेव्हा तू अख्खी होतीस आणि माझं फक्त कोपर होतं. तू पेपर घेऊन धावत आलीस. “पाह्य वं पमे, तुहं कोपर कसं मस्त आलं!” मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. घरी गेल्यावर मात्र भाजीत मीठ जास्त पडलं, आणि नवऱ्यानं ते बोलून दाखवलं तेव्हा मी त्याच्यावर असं काही तोंड सोडलं की तो ताट घेऊन अंगणात जाऊन बसला.

मग विद्यापीठानं तुला बोलावलं, सगळ्या प्राचार्यांसमोर बोलायला. तू माझ्याकडे साडी मागायला आलीस. मी माझ्या बाबांच्या हातमागावरची कोशाची साडी दिली, मीच दिली, आग्रहानं दिली. तू तिथे जाऊन सांगितलंस की सॉफ्टवेअर आमच्या ग्रंथपाल प्रमिलाताईंनी बसवलं, मी फक्त बोलले. साडीही त्यांच्याच घरची, असंही सांगितलंस. परत आल्यावर म्हणालीस, “साडी कुठं भेटते ते साऱ्यायनं लिहून घेतलं.” सॉफ्टवेअर कोणाचं ते कोणी लिहून घेतलं नाही. तुझा दोष नव्हता. हेच तर वाईट होतं. तू जर माझं नाव घेतलं नसतंस तर मी तुझ्याशी सरळ भांडले असते. तू प्रत्येक ठिकाणी माझं नाव घ्यायचीस आणि तरी लोकांना तूच आठवायचीस. अशा माणसावर धड रागावताही येत नाही.

नंतर ती कंपनी आली.

विद्यापीठानं एका कंपनीशी करार केला होता. सगळ्या कॉलेजांना एकच चकचकीत यंत्रणा, मोबाईलवर ॲप, पुस्तक कुठल्या रॅकवर आहे ते सांगणारं, काय वाचावं ते सुचवणारं. सुरुवातीची काही वर्षं फुकट. ज्याला हवं त्यानं घ्यावं, सक्ती नाही, पण घेतलं तर बरं, असा विद्यापीठाचा सूर. आणि कंपनीचा जो टाय घातलेला तरुण आला होता त्यानं मला वेगळं गाठून सांगितलं की भंडारा जिल्ह्यातल्या कॉलेजांसाठी त्यांना एक समन्वयक हवी आहे, ग्रंथपालांना शिकवायला, आणि माझं नाव त्यांनी धरलं आहे. माझं नाव. अख्खं, कोपर नव्हे.

मला ते हवं होतं, शकुन. मी तुला तेव्हा तांत्रिक कारणं सांगत बसले, पण मला ते हवं होतं.

बैठकीत तू त्या तरुणाला विचारलंस, “तुमच्या यंत्रात आमचे शब्द टाकता येतीन का जी?”

तो म्हणाला, “मॅडम, तुमची सूचना आम्ही वर कळवतो.”

“वर म्हंजे कुठं जी? देवाकडं?”

सगळे हसले, तोही हसला. मग तू हसणं थांबवून विचारलंस की उद्या आम्हाला तुमच्यातून बाहेर पडायचं झालं तर आमच्या पुस्तकांच्या, आमच्या वाचकांच्या नोंदी आमच्या आम्हाला परत मिळतील का, दुसऱ्या यंत्रात घालता येतील अशा. तो कागद चाळायला लागला. तू प्राचार्यांकडे वळलीस. “सर, आमच्या तलावात असंच झालं होतं. ठेकेदार आला, मासोळीचं बीज फुकट देतो म्हने. सोसायटीले भल्ला आनंद झाला. मंग जाळं बी त्याचंच घ्या लागलं, बरफ बी त्याचाच, अन् मासे दुसऱ्याले इकता येत नोयते. तलाव आमचा, पानी आमचं, अन् आमीच त्याले इचारून पान्यात उतरून रायलो.”

निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. बाहेर व्हरांड्यात मी तुला धरलं. आजवर साठलेलं सगळं त्या दिवशी निघालं.

“तुले बोलायले काय जाते?” मी म्हटलं. “यंत्र बंद पडलं का फोन कोनाले येते? मले. लाइन गेली, पुन्हा आली, नोंदी उडाल्या, तं सुट्टीच्या दिवशी कोन येते? मी. दिवाळीत तू एकोडीले मंडईची जत्रा पाहून रायली होती, अन् मी इथं तुह्या ‘जी’ले पुन्हा उभं करून रायली होती. मुक्त, मुक्त करते. तुह्या शब्दायसाठी मुक्त हाये ते. माह्या मानेवर हाये.”

तू खांद्यावरची पिशवी सावरलीस. मग म्हणालीस, “याचं उत्तर देतो मी तुले. आज नाही. आज डोकं दुखून रायलं.” आणि बसस्टँडकडे निघालीस. जाता जाता वळून म्हणालीस, “पन तू चूक हाये.”

हे तुझं समोरासमोरचं शेवटचं वाक्य. लोकांना शेवटी काय काय ऐकायला मिळतं. मला मिळालं, तू चूक हाये.

पुढचं सगळं इतक्या घाईनं झालं की मला अजून त्याचा क्रम लागत नाही. डोकेदुखी, साकोलीचा डॉक्टर, नागपूर, आणि मग तू गेलीस असं सांगणारा तुझ्या चुलतभावाचा फोन. नागपूरला येऊ का म्हणून मी त्याआधी विचारलं होतं. तू निरोप पाठवलास, पमीले सांग, बरी झाली का येतो, भांडण बाकी हाये. मी आले नाही. तू बरी होणार यावर माझा विश्वास होता. तुला कधी कुठल्या गोष्टीत हरलेलं मी पाहिलंच नव्हतं.

तेरवीला एकोडीला आले. तुमच्या अंगणात इतक्या बाया, आणि प्रत्येकीकडे तुझी एक गोष्ट. कोणाच्या पोरीला तू कॉलेजात घातलंस, कोणाचं कुठलं काम तू तहसीलीत जाऊन करून दिलंस. मी कोपऱ्यात बसून होते. मला तिथे कोणी ओळखत नव्हतं. रडायलाही माझा नंबर लागत नव्हता. वाटलं, आयुष्यभर हिच्या शेजारी बसले, आणि हिच्या घरी मी पाहुणी.

तेवढ्यात तुझ्या आईनं मला जवळ बोलावलं. “तू पमी काय वं?”

मी मान हलवली. तिनं माझा हात धरला आणि तोंड भरून हसली, त्या दिवशी, तेरवीच्या दिवशी. म्हणाली, “माय वं, तुहं नाव आयकून आयकून कान किटले माहे. रोज संध्याकाळी मले सामने बसवे. म्हने, माय, तू पमी बन. मी म्हनो, मले काय समजते बाई तुमचं मशीनमिशीन? तं म्हने, तू नुसती नाही नाही म्हन. मंग ते माह्यासंग भांडे. मी नाही म्हनो, ते आनखी भांडे. भात करपून जाये.”

तू तयारी करून यायचीस! मला वाटायचं, हिला सगळं जागच्या जागी सुचतं, देवानं हिला जीभ दिली आणि मला फक्त टंकलेखन. आणि तू संध्याकाळी आईला पमी बनवून तालीम करायचीस. हे लबाडीचं होतं, शकुन. मी कधीच तयारी करून आले नाही, म्हणून हरत गेले.

मी विचारलं, “आई, आखरीले काय भांडत होती?”

तिनं डोळे पुसले. “आखरीले भांडून नोयती रायली. नुसती बसे. म्हने, माय, पमीचं एक म्हननं बराबर हाये. तिच्या मानेवर हाये सारं. याचं उत्तर मले सापडून नाही रायलं.”

कोणाला सांगू नकोस, पण तुझ्या तेरवीच्या मांडवात मला आनंद झाला. इतक्या वर्षांत एकदा तरी तुला माझ्यापुढे उत्तर सापडलं नाही. मी पदरात तोंड लपवलं. बाजूच्या बाईला वाटलं मला हुंदका आला, तिनं पाठीवरून हात फिरवला. पाठीवर तो हात फिरला तेव्हा मात्र खरंच आला.

परत कॉलेजात आले तर त्या तरुणाचा फोन. आधी त्यानं दुःख व्यक्त केलं, मग विचारलं, “मॅडम, आता तुमच्याकडून काही अडचण नाही ना?” आता, म्हणजे तू गेल्यावर. प्राचार्यांनीही बोलावून तेच विचारलं, जरा सभ्य शब्दांत. “प्रमिलाताई, विरोध करणाऱ्या शकुन मॅडमच होत्या. आता या विषयातलं कळणाऱ्या तुम्ही एकट्याच. तुम्ही म्हणाल ते करू.”

तुम्ही म्हणाल ते करू. हे वाक्य ऐकण्यासाठी मी किती वर्षं थांबले होते. आणि ते मला मिळालं ते तू मैदानात नसताना.

मी विचार केला. कंपनीला हो म्हटलं तर समन्वयकपद माझं. पण त्याच दिवशी तुझे शब्द पडद्यावरून जातील, आणि मग तू देव होशील. मला दिसतच होतं, पोरं उसासे टाकतील, काय ते शकुन मॅडमचे दिवस होते म्हणतील, आणि गेलेल्या गोष्टीला नाव कोण ठेवणार? नाही म्हटलं तर तुझे शब्द राहतील, तुझं नाव राहील, आणि मी त्याची देखभाल करत म्हातारी होईन. दोन्हीकडून तूच. मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये बसून तुला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की त्यांनी विचारलं, “ताई, पाणी देऊ का?”

पाणी प्यायले आणि म्हणाले, “सर, आहे तेच ठेवू. पण आहे तसं नाही.”

मग मी तुझ्याशी भांडत असल्यासारखी बोलत सुटले, फक्त समोर प्राचार्य होते. म्हटलं, मुक्त आहे म्हणजे फुकट आहे असं समजून आपण सगळा भार एका बाईवर टाकला. हे चालणार नाही. कंपनी हवी असेल तर जरूर घ्या, पण देखभालीसाठी घ्या. नागपुरात अशी माणसं आहेत जी हेच मुक्त सॉफ्टवेअर सांभाळून देतात. त्यांच्याशी करार करा, बिघडलं तर त्यांनी यावं. आवडले नाहीत तर दुसरे आणू. नोंदी आपल्या, शब्द आपले, चावी आपल्याकडे. आणि ग्रंथालयात माझ्या हाताखाली एक माणूस द्या, मी त्याला सगळं शिकवीन. हे होणार नसेल तर उद्यापासून बंद पडलेलं यंत्र मी चालू करणार नाही.

प्राचार्य म्हणाले, “हे तुम्ही मॅडम असतानाच का नाही सांगितलंत? दोघींचंही समाधान झालं असतं.”

काय सांगू त्यांना? आपण दोघी जिंकण्यात इतक्या गुंतलो होतो की उत्तर शोधायला कोणी मोकळीच नव्हती. तुला सापडून राहिलं नव्हतं ते उत्तर मला सापडलं, शकुन, आणि ते ऐकवायला तू नाहीस. याच्यासारखा छळ नाही. तू ऐकून म्हणाली असतीस, “हे तं मी तुले सांगनारच होती,” आणि मी तुझा गळा धरला असता. मला तेही चाललं असतं.

समन्वयकपद पवनीच्या एका ग्रंथपालाला मिळालं. मी त्याच्यावरही जळते, पण त्यात काही मजा नाही.

गेल्या आठवड्यात देखभालवाले आले, त्यांनी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चढवली. सगळं ठीक झालं, तुझे शब्द शाबूत. फक्त नव्या आवृत्तीत एक निरोप नवा होता, इंग्रजीत. वाचक पडद्यासमोर बराच वेळ काही न करता बसून राहिला की यंत्र त्याला आपोआप बाहेर काढतं आणि पुन्हा प्रवेश करायला सांगतं, तो निरोप. त्यांच्यातला एक मुलगा म्हणाला, मॅडम, याचं मराठी द्या, टाकून देतो. मी म्हटलं, थांबा, विचारून सांगते. आणि फोन हातात घेतला. तुझं नाव उघडलं. मग फोन खाली ठेवला.

तो चहाला गेला तेव्हा मी डोळे मिटून बसले, तू बसायचीस तशी. पहिल्यांदा जे सुचलं ते सगळं मंत्रालयाचं होतं. मग तुझी आई आठवली, ‘मले सामने बसवे’ म्हणणारी, आणि मी लिहिलं: ‘लय वेळ झाला जी, तुमी काई बोलले नाही. पुन्हा अंदर या.’

दुसऱ्या दिवशी दिघोरीची ती बी.ए.ची पोरगी, तुझ्या वर्गातली, संगणकासमोर पुस्तक वाचत बसली होती. निरोप आला तशी ती ओरडलीच. “मॅडम! हे पाहा जी! शकुन मॅडमनं हे बी लिहून ठेवलं होतं का?”

“नाही,” मी म्हटलं. “मी लिवलं.”

ती हसली. मी तिचं मन राखायला गंमत करतेय असं तिला वाटलं. “कावून खोटं सांगता जी मॅडम,” ती म्हणाली, “मले का समजत नाही? हे तं शकुन मॅडमच बोलून रायल्या.”

मला इतका राग आला, शकुन. अजून आहे. तिला मी चार वेळा सांगितलं असतं, पण तिची बस आली आणि ती पळाली. वाचनकक्ष रिकामा झाला. मी जाऊन त्या खुर्चीत बसले, माझा सभासद क्रमांक टाकला, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. कुठलंही बटण दाबलं नाही. तो निरोप यावा म्हणून मी तशीच गप्प बसून राहिले.